ओढायचं काय, ते आधी सांगा

मेट्रनबाई मेट्रन कधीच नव्हत्या. हॉस्पिटलात त्या सफाई विभागाच्या मुख्य होत्या. पण पांढरे बूट घालून त्या कॉरिडॉरमधून निघाल्या की नवे डॉक्टर भिंतीला चिकटून वाट देत, आणि पेशंटचे नातेवाईक खऱ्या मेट्रनला ओलांडून तक्रारी यांच्याकडे आणत. कुणीतरी हे नाव चिकटवलं, ते निवृत्तीनंतरही निघालं नाही. खऱ्या मेट्रनचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि बाईंना या गोष्टीचं फार वाईट वाटतं असं म्हणता येणार नाही.

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, यावर घरात दोन मतं होती. यजमानांच्या मते काहीही करू नये. ते त्यांनी स्वतः करून दाखवलं होतं. नोकरीभर त्यांनी लोकांना विमा विकला आणि सगळ्या अटी नीट वाचून घ्या म्हणून बजावलं. गल्लीत त्यांना विमावालेच म्हणत. आता ते गॅलरीत पेपर वाचत, आणि वाचून संपला की तोच पेपर मागच्या पानापासून पुन्हा वाचत. दुसरं मत बाईंचं होतं. ते त्यांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण भाचीच्या लग्नापर्यंत ते त्यांनाही माहीत नव्हतं.

ते लग्न मोकळ्या मैदानावर झालं. दिव्यांच्या माळा, फुलांच्या कमानी, जेवणाच्या टेबलांवर कापडी हंस. आणि लांब कोपऱ्यात, कुणाला दिसू नयेत म्हणून उभ्या केलेल्या प्लास्टिकच्या तीन टपऱ्या. बाई एकदा आत जाऊन आल्या. बाहेर येऊन त्यांनी अंगठ्या काढून पर्समध्ये टाकल्या, स्वयंपाकवाल्यांकडून बादली आणि हातमोजे मागून घेतले आणि कामाला लागल्या. भाचीच्या अल्बममध्ये मामी एकाही फोटोत नाहीत. पण त्या दिवसाचे पाहुणे अजूनही नवरीपेक्षा मामींचीच आठवण जास्त काढतात.

पुढे काही आठवड्यांनी सकाळच्या चहाला बाई म्हणाल्या, "मी संडास घेतलेत."

विमावाल्यांनी पेपर खाली केला. "आपल्याकडे आहेत की दोन."

"हे चाकांवर आहेत."

पेपर पुन्हा वर गेला. काही वाक्यांवर गप्प बसणं हीच सगळ्यांत स्वस्त पॉलिसी असते, एवढं ते संसारात शिकले होते.

ट्रेलर खरोखर देखणा होता. फिकट निळा रंग, पाच खोल्या, प्रत्येकीत आरसा आणि बेसिन, पायऱ्यांना पितळी कठडा. आधीच्या मालकाने गुडघ्यांचं कारण सांगून धंदा बंद केला होता. त्याने आपल्याच गाडीने ट्रेलर आणून घरामागच्या रिकाम्या प्लॉटवर उभा केला, हुक सोडवला आणि चहाही न घेता निघून गेला. दुखऱ्या गुडघ्यांच्या मानाने तो फारच चटकन निघाला, हे नंतर बाईंच्या लक्षात आलं. शेजारणीने त्याच दिवशी मागच्या खिडकीला जाड पडदा लावला. तो तिने बाईंच्या दिराच्याच दुकानातून घेतला, म्हणजे घरातल्या घरात कुणाचा तरी फायदा झाला.

आता हे ओढायचं कशाने, हा प्रश्न आला. घरची गाडी एवढीशी होती की ती ट्रेलरपुढे उभी केली तर कोण कुणाला ओढणार हे विचारावं लागलं असतं. पिकअप हवी, यावर सगळ्यांचं एकमत झालं. केवढी हवी, यावर घर फुटायची वेळ आली.

विमावाले म्हणाले, छोटी. पाच मोऱ्या ओढायला रणगाडा कशाला? अंथरूण पाहून पाय पसरावेत.

धाकटा दीर म्हणाला, मोठी. याला सगळे टर्बो म्हणत, कारण प्रत्येक वाक्यात तो शब्द एकदा तरी यायचा. टर्बो जाड तळव्याचे बूट आणि बऱ्याच खिशांचं जाकीट घालून पडद्यांच्या दुकानात मॅनेजरचं काम करायचा. जगातल्या प्रत्येक पिकअपची ताकद त्याला पाठ होती. आयुष्यात त्याने स्वतः ओढलेली सगळ्यांत जड वस्तू म्हणजे दुकानातला मखमली पडदा.

"वहिनी, पॉवर अशी हवी की मागे काही आहे हे कळताच कामा नये," टर्बो म्हणाला.

"मागे काही आहे हे कळलं नाही तर मी ते कुठेतरी विसरून येईन," बाई म्हणाल्या.

तिघे मिळून शोरूमला गेले. काचेच्या मोठ्या हॉलमध्ये लहान, मधल्या आणि राक्षसी अशा तऱ्हेतऱ्हेच्या पिकअप चकचकत उभ्या होत्या. टाय लावलेला एक विक्रेता हसत पुढे आला. टर्बोने त्याला इंजिनाबद्दल सहा प्रश्न विचारले, आणि त्यांची उत्तरंही स्वतःच दिली. विमावाल्यांनी फक्त गाडी किती पिते ते विचारलं. विक्रेत्याने दोघांनाही "अगदी बरोबर सर" म्हटलं आणि बाईंकडे वळला.

"मॅडम, ओढायचं काय, ते आधी सांगा."

"संडास," बाई म्हणाल्या.

"स्वच्छता सुविधा," विमावाले खाकरत म्हणाले.

विक्रेत्याचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "वजन किती आहे त्यांचं?"

याचं उत्तर विमावाल्यांकडे होतं. ट्रेलरच्या पुढच्या दांडीवर एक पत्रा ठोकलेला होता, तो ते सकाळीच वाचून आले होते. "सोळाशे किलो."

"मग ही बघा." विक्रेत्याने सगळ्यांत छोटीवर हात ठेवला. "अठराशे ओढते. वर दोनशे तुमच्या हातात राहतात."

विमावाल्यांनी टर्बोकडे पाहिलं. जिंकलेल्या माणसाने हरलेल्याकडे जसं पाहू नये, अगदी तसं पाहिलं. तरीही गाडी लगेच विकत घ्यायची नाही, पहिल्या कामाला तीच भाड्याने आणून बघायची, असं बाईंनी ठरवलं. टर्बो परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाला, "मियाँ मूठभर, दाढी हातभर."

पहिलं काम एका कंपनीच्या मैदानी मेळाव्याचं होतं. निघण्यापूर्वी बाईंनी स्वच्छ पाण्याची टाकी घरच्या नळाने गळ्यापर्यंत भरली. लोकांच्या दारात जाऊन पाणी मागायचं, तेही असल्या कामाला, हे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हतं. जनरेटर, पायपुसणी, फिनेलचे कॅन आणि जास्तीच्या बादल्या पिकअपच्या मागच्या हौद्यात चढल्या. मग विमावाले स्टिअरिंगवर आणि बाई शेजारी बसल्या.

सपाट रस्त्यावर गाडी चालली. कण्हत चालली, पण चालली. उड्डाणपुलाची चढण लागली तसं तिचं अवसान गेलं. मागचा भाग ट्रेलरच्या भाराने दबला आणि नाक वर आलं. पुढचे दिवे रस्ता सोडून ढगांकडे बघायला लागले. स्टिअरिंग इतकं हलकं झालं की आपण गाडी चालवतोय की नुसतं धरून बसलोय, ते विमावाल्यांना कळेना. मग जळक्या रबरासारखा वास आला आणि चढणीच्या बरोबर मध्यावर गाडी थांबली. पाठीमागे हॉर्नची रांग लागली.

"अगं, सरकतेय मागे," विमावाले म्हणाले. त्यांचा पाय ब्रेकवर होता.

"पाय हलवू नका. श्वास घेतला तरी चालेल."

बाई उतरल्या. बादल्यांखालचे लाकडी ठोकळे त्यांनी ट्रेलरच्या चाकांमागे मारले आणि दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहून सगळ्याकडे पाहिलं. वजन कमी केल्याशिवाय ही चढण संपणार नाही हे दिसत होतं, आणि त्यांच्याजवळ टाकून देण्यासारखी एकच वस्तू होती. त्यांनी खाली वाकून स्वच्छ पाण्याच्या टाकीचा मोठा नळ उघडला.

पाच खोल्यांच्या निळ्या संडासाखालून पाण्याचा लोट निघाला आणि पुलावरून खाली धावला. मागच्या गाड्यांच्या काचा एकामागून एक वर गेल्या. एका मोटारसायकलवाल्याने दोन्ही पाय उचलून पेट्रोलच्या टाकीवर ठेवले आणि मग तोल सांभाळायला एक पाय परत त्या पाण्यात टेकवावा लागला, तेव्हा त्याने डोळे मिटले.

"स्वच्छ आहे, पिण्याचं आहे," बाई प्रत्येक गाडीपाशी जाऊन सांगत होत्या. कुणाचा विश्वास बसला नाही, आणि खात्री करून बघायला कुणी पुढेही आलं नाही.

टाकी रिकामी झाल्यावर गाडी रडतखडत पूल चढली. मैदानावर पोचल्यावर बाईंना पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे फाटकाशेजारचा भलामोठा नळ. मैदानवाला म्हणाला, "घ्या की हवं तेवढं पाणी. घरून कोण आणतं?"

बाईंनी नळाला पाइप लावला. मेळावा बरा झाला. माणसं कमी आली, टाक्या जवळजवळ कोऱ्याच राहिल्या आणि लांबच्या सपाट रस्त्याने दोघं घरी परतले.

दुसऱ्या दिवशी बाई चष्मा लावून ट्रेलरच्या दांडीवरचा तो पत्रा वाचायला बसल्या. पहिली ओळ: रिकामं वजन, सोळाशे. त्याखाली दुसरी ओळ: भरल्यावर जास्तीत जास्त वजन, सव्वीसशे. त्यांनी विमावाल्यांना हाक मारली आणि दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

विमावाल्यांनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "फार बारीक अक्षरं आहेत," ते शेवटी म्हणाले.

नोकरीभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावणारा माणूस आपल्या पत्र्यावरची दुसरी ओळ वाचत नाही, यावर बोलण्यासारखं खूप होतं. बाई काही बोलल्या नाहीत. विमावाल्यांना तेच जास्त लागलं. पाणी घरून भरायचा हट्ट आपला होता हे बाईंनाही ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं आणि ते बोलून दाखवणं यात त्यांनी नेहमीच पुरेसं अंतर ठेवलं होतं.

ही बातमी टर्बोला कळली तेव्हा तो पडदे मोजायचं सोडून आला. "मी काय म्हणत होतो, वहिनी? नाकापेक्षा मोती जड." आणि पुढच्या कामाला त्याने मित्राकडून खरीखुरी पिकअप मागून आणली.

ती आली तेव्हा गल्लीत सावली पडली. काळी, चार दारांची, पुढची जाळी एखाद्या दुकानाच्या शटरएवढी. साडेतीन टन ओढते, टर्बो म्हणाला, आणि हे सांगताना त्याने पोट आत घेतलं. आत चढायला बाईंना स्वयंपाकघरातलं स्टूल लागलं. बसल्यावर समोर फक्त बॉनेट दिसत होतं; रस्ता त्याच्या पलीकडे कुठेतरी असणार, असं धरून चालायचं.

या वेळचं काम बागेतल्या लग्नाचं होतं. उड्डाणपूल कधी आला आणि कधी गेला ते कळलंही नाही. टर्बोने एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने गाण्यावर ठेका धरला होता. हे सगळं बागेच्या फाटकापर्यंत टिकलं. फाटकातून आत वळताना गाडीचं नाक आत गेलं, पण धड वळेना. टर्बोने मागे-पुढे, मागे-पुढे केलं. ट्रेलर कधी त्याच्या मनासारखा गेला नाही, नेहमी उलटाच. अखेर लग्नघरच्यांनी फुलांची कमान काढायला लावली. ती काढणारे दोन कामगार नवरदेव येईपर्यंत पुन्हा कमान उभी करत होते, आणि नवरदेवाचे बरेचसे फोटो शिडीसकट आले.

"गाडीत दोष नाही, फाटकात आहे," टर्बो म्हणाला.

लग्न दणक्यात झालं. पाहुण्यांना पाचही खोल्या इतक्या आवडल्या की काही जण गरज नसतानाही आरसा बघायला गेले. संध्याकाळी आवरून दोघं परतीला लागले. मोठा मोकळा रस्ता, पुढे सूर्य मावळतोय, टर्बोने पाय दाबला.

आधी बाईंना नुसतं वाटलं की वारा आहे. ट्रेलर हळूच डावीकडे गेला, मग उजवीकडे. मग जरा जास्त डावीकडे. टर्बोने आरशात पाहिलं आणि त्याचं गाणं अर्ध्यात थांबलं. आता पाठीमागचं निळं धूड त्या काळ्या राक्षसिणीला इकडून तिकडे झुलवत होतं; साडेतीन टनांची ताकद पुढे होती, पण हुकूम मागून येत होता. समोरून येणारी एक बस लांबूनच दिवे मारायला लागली.

टर्बोने ब्रेकवर पाय नेला.

"ब्रेक नको," बाई म्हणाल्या. "पाय काढून घे. दोन्ही. स्टिअरिंग सरळ धर."

हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ओल्या फरशीवर भरलेली ट्रॉली हेलकावे खायला लागली की तिला ओढायचंही नाही आणि अडवायचंही नाही, नुसतं बरोबर चालत राहायचं, एवढंच हाताला माहीत होतं. टर्बोचे पाय तसेही भीतीने उचललेलेच होते. वेग उतरला तसे ट्रेलरचे झोके आखूड झाले, आणि गाडी रस्त्याच्या कडेला धुळीत थांबली. बस शेजारून गेली.

टर्बो खाली उतरून बॉनेटला टेकून उभा राहिला. जाकिटाच्या सगळ्या खिशांत त्याने एकेक करून हात घालून पाहिला. काय शोधत होता ते त्यालाही माहीत नव्हतं. "वहिनी," तो हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं, गेलो आपण."

"मलाही वाटलं," बाई म्हणाल्या. त्यांनी त्याला पाण्याची बाटली दिली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा हा शाळेच्या चड्डीत होता, आणि तेव्हाही झाडावर किती उंच चढता येतं हे सांगून मग उतरता येईना म्हणून रडायचा.

मग त्या ट्रेलरभोवती फिरल्या. स्वच्छ पाण्याची टाकी पुढे, हुकाच्या जवळ होती. मैल्याची टाकी मागच्या टोकाला. सकाळी निघताना पुढची भरलेली, मागची रिकामी. आता पुढची रिकामी, मागची भरलेली. म्हणजे सकाळी पुढे असलेलं सगळं पाणी संध्याकाळपर्यंत मागे गेलं होतं. मधे फक्त तीनशे पाहुणे होते. ट्रेलरच्या शेपटीला एवढं ओझं लटकलं की पुढचा हुक वर उचलला जातो, आणि मग कितीही मोठी गाडी असो, ती ओढत नाही, लोंबकळते. हत्ती आणला होता, पण विचार शेपटीचा करायला हवा होता.

तिथून घरापर्यंत ते बैलगाडीच्या वेगाने आले. मागून येणाऱ्या प्रत्येकाने हॉर्न वाजवला आणि टर्बोने प्रत्येकाला हात दाखवून पुढे जाऊ दिलं, जे त्याने पूर्वी कधी केलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बाई टर्बोला घेऊन त्याच काळ्या पिकअपने वजनकाट्यावर गेल्या. खडी आणि भंगाराच्या ट्रकांच्या रांगेत त्यांचा निळा ट्रेलर उभा राहिला. काटेवाल्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"आत काय आहे?"

"पाणी."

"आणि?"

"पाणीच. वापरलेलं."

काटेवाल्याने मान आत घेतली आणि खिडकी लावली. पुढचं सगळं बोलणं खुणांनी झालं. बाईंनी ट्रेलर आधी तसाच मोजला, मग पुढची टाकी भरून मोजला. मग नुसता हुक काट्यावर टेकवून त्याच्यावर किती भार येतो ते मोजलं. पुढची टाकी भरलेली असली की भार गाडीला दाबून टाकण्याएवढा, मागची भरली की जवळजवळ काहीच नाही. पिकअपच्या पाठीवर जनरेटर आणि बादल्या चढवायच्या, वर हुकाचा भार, वर आत बसलेली माणसं. हेही सगळं त्याच गाडीने सोसायचं असतं, हे त्या दिवशी घरातल्या तिघांपैकी पहिल्यांदा कुणाच्या तरी ध्यानात आलं.

दोन गोष्टी त्यांनी केल्या. एक, वेल्डिंगवाल्याकडून मैल्याची टाकी मागच्या टोकावरून काढून चाकांच्या वर, मधोमध बसवून घेतली. वेल्डिंगवाल्याने काम अर्ध्यावर असताना तोंडाला रुमाल बांधला आणि बाईंना म्हणाला की आधी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी सुट्टीवर गेलो असतो. बाई म्हणाल्या, म्हणूनच नाही सांगितलं.

दोन, त्या पुन्हा शोरूमला गेल्या. या वेळी एकट्या. विक्रेत्याने त्यांना लांबूनच ओळखलं.

"मॅडम, त्या दिवशीची छोटी दाखवू, की मोठी?"

"मधली. तीन टन ओढणारी. लांब अंगाची, पण फाटकातून वळणारी. आणि ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक गाडीतून लागतील अशी सोय हवी."

"मोठी घेतलीत तर कधी कमी पडणार नाही," तो म्हणाला.

"मोठीने मला परवा जवळजवळ बसखाली घातलं. ती मला कुठेच कमी पडली नाही."

त्याने गुपचूप मधलीची चावी आणली. रंग निवडायला मात्र बाईंनी फार वेळ घेतला, कारण ट्रेलरच्या निळ्याशी कुठलाच रंग जुळत नव्हता, आणि याबाबतीत त्या कुणाचं ऐकायला तयार नव्हत्या. शेवटी जो घेतला तोही जुळला नाही.

घरी गाडी आली तेव्हा विमावाले म्हणाले, "बघ, मी आधीपासून म्हणत होतो की एवढी अवाढव्य नको." टर्बो म्हणाला, "वहिनी, मी म्हणत होतो की छोटीने भागणार नाही." दोघंही खरं बोलत होते, आणि आपणच ही गाडी निवडली या समाधानात दोघांनी तिच्याभोवती एकेक फेरी मारली.

चालवायचं मात्र बाईंनी आता दुसऱ्या कुणावर सोडलं नाही. ट्रेलर ओढायला वेगळा परवाना लागत होता. त्यासाठी त्या शिकवणीला गेल्या. सरळ जाणं सोपं निघालं. मागे घेणं म्हणजे सासुरवास. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, आणि आपण घाबरून आणखी वळवलं की तो घडी घालून गाडीच्याच पोटात शिरायला येतो. मागच्या प्लॉटवर सराव चाले. विमावाले मागे उभे राहून हातांनी दिशा दाखवत.

"ये, ये, ये. डावीकडे. माझ्या डावीकडे नाही, तुझ्या."

"माझी डावी म्हणजे ट्रेलरची उजवी."

"मग तीच."

"तीच म्हणजे कुठली?"

एवढ्यात ट्रेलर शेजारणीच्या कुंपणाला टेकला. शेजारणीने जाड पडदा बाजूला केला. पडद्यामागून ती रोज हा सराव बघत असे, हे तेव्हा कळलं. तिला त्यात इतका रस वाटायला लागला होता की कुंपणाबद्दल ती रागाने काहीच बोलली नाही. "जरा पुढे घ्या आणि मग कमी वळवा," असंच म्हणाली. विमावाल्यांच्या खाणाखुणांपेक्षा तिचं बोलणं कामी आलं, आणि त्या दिवसापासून विमावाल्यांना खाली उभं राहायची गरज उरली नाही. ते पुन्हा गॅलरीत गेले. तिथूनही ते हात दाखवत, पण ते कुणी पाहत नव्हतं.

धंदा चालायला लागला. बागेतली लग्नं, फुलांची प्रदर्शनं, शाळांचे खेळ. टर्बोही सुट्टीच्या दिवशी यायचा. पायऱ्या पुसायचा, टाक्या तपासायचा. पडद्यांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना मात्र तो अजूनही पिकअपबद्दल सल्ले द्यायचा. फरक एवढाच की आता तो आधी "ओझं कुठे आहे, पुढे की मागे?" असं विचारून मग हवं ते सांगायचा.

पावसाळी हवा असताना एका जुन्या सभागृहाच्या आवारात गाण्याचा कार्यक्रम होता. जागा दिली होती ती दोन भिंतींमधला चिंचोळा बोळ, त्यातही उलटं शिरायचं. आवारात कुणी नव्हतं. कार्यक्रमवाले आत खुर्च्या मांडत होते. बाईंनी आरसे नीट केले, गाडी थोडी पुढे घेतली आणि मागे सोडली. ट्रेलर दोन्ही भिंतींपासून सारखं अंतर राखून बोळात सरळ शिरला. एका दमात. कुठे घासला नाही, थांबला नाही.

बाई खाली उतरल्या आणि डाव्या, उजव्या दोन्ही बाजूंनी बघून आल्या. इतकं सुरेख काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं, आणि ते बघायला कुत्रंसुद्धा नव्हतं. तेवढ्यात सभागृहाचा रखवालदार छत्री झटकत दारात आला.

बाईंनी त्याला एकदा पाहून घेतलं. मग त्या पुन्हा गाडीत बसल्या, ट्रेलर सगळाच्या सगळा बोळाबाहेर काढला आणि रखवालदाराकडे न बघता पुन्हा मागे घेतला.

या वेळी तो तिरका गेला, डाव्या भिंतीला घासला आणि तिथेच अडकला.

"थोडी पुढे घ्या, बाई," रखवालदार म्हणाला. "नवीन आहात का? होतं हो सुरुवातीला."

"हो," बाई म्हणाल्या, आणि गाडी पुढे घेतली.